शिफ्टचा रकाना

दौलतराव माकणीकरांनी तीस वर्षांत एक वायसरसुद्धा चिठ्ठीशिवाय दिला नाही. भोसरीच्या ज्या कंपनीत ते स्टोअर सांभाळत, तिथे त्यांची खिडकी होती आणि खिडकीला जाळी होती. जाळीतून त्यांचा चष्मा आणि मिशी एवढंच दिसे. समोर कुणीही येवो, आतून एकच शब्द यायचा, "चिठ्ठी." एकदा खुद्द मोठे साहेब केबिनमधला बल्ब गेला म्हणून स्वतः खाली आले. दौलतराव अदबीने उभे राहिले, नमस्कार केला आणि म्हणाले, "साहेब, चिठ्ठी." साहेब परत वर गेले, चिठ्ठी लिहून घेऊन आले, मग उजेड पडला.

त्या चिठ्ठीला पाच रकाने होते. माल कोणता, नग किती, कोणी दिला, कोणाला दिला आणि कोणाच्या परवानगीने. यातला पाचवा रकाना म्हणजे दौलतरावांचं कुलदैवत. तो मोकळा असेल तर ते चिठ्ठी नुसती परत करत नसत, दोन बोटांत धरून परत करत, मेलेलं झुरळ धरावं तशी.

असा हा माणूस निवृत्त झाला, आणि लग्नं जमवायला लागला.

दौलतराव मूळचे लोहारा तालुक्यातले. पिंपरी-चिंचवडात लातूर, धाराशिव, बीडकडची हजारो घरं. पोरं-पोरी इथेच शिकल्या, इथेच कंपनीत लागल्या, आणि आता आई-बापांना प्रश्न पडला की आपल्यातलं स्थळ या गर्दीत शोधायचं कुठे? दौलतरावांनी 'माकणीकर काका सोयरीक मंच' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. तो भरला म्हणून दुसरा काढला, मग तिसरा. तीन ग्रुप मिळून दोन हजार तीनशे माणसं. एक रुपया घेत नसत. लग्न जमलं की पहिल्या पंगतीला मानाचं ताट आणि फेट्याचं कापड, एवढ्यावर माणूस खूश. घरात फेट्याची इतकी कापडं साठली होती की बायकोने, कुसुमताईंनी, त्यांचे पडदे शिवले. संत तुकाराम नगरातल्या त्यांच्या दोन खोल्यांत पाऊल टाकलं की आपण घरात आलो की मांडवात, असा पाहुण्याला क्षणभर भ्रम होई.

दौलतरावांनी सोयरिकीच्या शास्त्रात एक मोलाची भर घातली होती. त्यामागे गणराज आणि दिव्या या जोडप्याची कथा होती. दोघांची नाडी जुळली, गण जुळला, छत्तीसपैकी एकतीस गुण. लग्न झालं आणि मग कळलं की गणराजची पहिली शिफ्ट असते तेव्हा दिव्याची दुसरी. याची बस चाकणहून येताना, तिची बस चाकणला जाताना, दोघं भोसरीच्या पुलावर खिडकीतून एकमेकांना हात करत. संसार फ्रीजवर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांवर चालला होता. 'आमटी गरम करून घ्या.' 'घेतली. मीठ जास्त.' दिव्याची आई दौलतरावांकडे येऊन रडली.

त्या दिवसापासून काकांच्या बायोडाट्यात रास, नाडी, मामाकूळ आणि अपेक्षा यांच्याखाली तीन नवे रकाने आले. शिफ्ट. साप्ताहिक सुट्टी. कंपनीच्या बसचा थांबा.

"ग्रह कुठल्या घरात हाय ते बघून काय करायचंय?" ते अभिमानाने सांगत. "बायको कुठल्या वेळेला घरात हाय ते बघा की!"

लोकांना हे फार पटलं. मुलांकडचे फोन करून पत्रिकेच्या आधी शिफ्ट विचारू लागले.

*

एका गुरुवारी दुपारी स्वप्नाली आली. गुरुवार म्हणजे एमआयडीसीची सुट्टी. स्वप्नाली ही लक्ष्मणरावांची मुलगी. लक्ष्मणराव म्हणजे दौलतरावांचे जुन्या कंपनीतले सोबती. संध्याकाळी बागेतल्या बाकावर दोघं रोज तासभर बसत आणि जगाला नावं ठेवत. स्वप्नाली सत्तावीस वर्षांची, चाकणला गाड्यांचे ब्रेक करणाऱ्या कारखान्यात तपासणी विभागात. एरवी आली की चपला काढायच्या आत "काकू, काय केलंय खायला?" असं ओरडणारी. आज गप्प येऊन खुर्चीच्या कडेवर बसली.

"काका, माझा बायोडाटा तुमच्या ग्रुपवर आहे. तो काढा."

"का गं? जमलं कुठं?" दौलतरावांचा चेहरा उजळला. एक फेटा त्यांच्या डोळ्यांपुढून सरकला.

"नाही जमलं. एक माणूस माझ्या मागे लागलाय."

कुसुमताई पोह्यांची बशी घेऊन येत होत्या, त्या दारातच थांबल्या.

स्वप्नालीने सांगितलं ते थोडक्यात असं. दीड महिन्यापासून एक तिशीचा माणूस वल्लभनगरच्या थांब्यावर उभा असतो. बस यायच्या दहा मिनिटं आधी. पहिल्या दिवशी म्हणाला, 'आज पहिली शिफ्ट ना?' तिला वाटलं, कंपनीतला असेल. दुसऱ्या आठवड्यात शिफ्ट फिरली, तर हा दुपारी हजर. म्हणाला, 'तुमची अंत्य नाडी, माझी आद्य. आपलं छान जमेल.' मग तिच्या मामांचं गाव सांगितलं, आडनाव सांगितलं. जन्मवेळ सांगितली, पहाटे चार वाजून दहा मिनिटं.

"माझी जन्मवेळ मलासुद्धा पाठ नाही, काका."

"मग थांबा बदलायचा की."

"बदलला. कासारवाडीला जाऊन बस पकडायला लागले. तिसऱ्या दिवशी तो कासारवाडीला."

दौलतरावांना इथे जेवताना दाताखाली बारीक खडा यावा तसं काहीतरी झालं. पण घास मोठा होता आणि पोरगी बोलत होती. त्यांनी तो खडा गिळला.

"बाबांना काल सांगितलं," स्वप्नाली म्हणाली. "बाबा म्हणतात, नोकरी सोड. दोन महिन्यांनी मी कायम होणार आहे. तीन वर्षं कंत्राटावर काढली त्यासाठी. आणि सोडायची मी? त्याला घरी बसवा म्हणावं!"

"बरोबर हाय तिचं," कुसुमताई म्हणाल्या.

"काढतो की. एका मिनिटाचं काम," असं म्हणून दौलतरावांनी फोन उघडला. बायोडाटा आठ महिन्यांपूर्वीचा. वर ढकलत ढकलत ते पाच मिनिटांनी तिथवर पोचले. सगळ्यांसाठी पुसायची मुदत केव्हाच टळली होती. त्यांनी जे बटण दिसलं ते दाबलं आणि फोन विजयाने समोर धरला. "गेला!"

"तुमच्या फोनमधून गेला, काका. बाकी दोन हजार तीनशे फोनांत आहे."

दौलतरावांनी फोनकडे असं पाहिलं, जणू स्टोअरमधली मांजर चिठ्ठीशिवाय बाहेर गेली होती.

"पण बायोडाटा तुझ्या बापानंच दिला ना मला? मी काय चोरून आणला?"

"माहिती कोणाची? माझी. मला कोणी विचारलं? आमच्या कंपनीत गेल्या महिन्यात यावर ट्रेनिंग झालं. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आलाय. ज्याची माहिती, त्याची संमती. दिलेली संमती परत घेता येते आणि घेतली की समोरच्याने माहिती पुसायची. बाहेरच्या गिऱ्हाइकांच्या माहितीला आम्ही कुलपं लावतो, आणि माझी मात्र..." तिने वाक्य सोडून दिलं आणि पोह्यांतले शेंगदाणे बाजूला काढत बसली.

*

त्याच दिवशी तिघं पोलीस ठाण्यात गेले. उपनिरीक्षक प्राजक्ता मॅडम तरुण होत्या, पण त्यांचा आवाज साठीचा होता. त्यांनी स्वप्नालीचं सगळं ऐकून घेतलं, मग दौलतरावांकडे वळल्या.

"पाठलाग हा गुन्हा आहेच, त्याची तक्रार आपण घेतोय. तुमच्या ग्रुपचं वेगळं. तो माहितीचा कायदा झालाय, नियम झालेत, पण बरीचशी कलमं लागू व्हायला पुढचं वर्ष उजाडेल. शिवाय असा घरगुती सोयरिकीचा ग्रुप त्यात बसतो की नाही, ते वकिलाला विचारा."

दौलतरावांनी सुटकेचा श्वास सोडला. तो जरा मोठ्याने सुटला.

"सुटलात असं समजू नका, काका. कायदा लागू व्हायचाय. अक्कल लागू करायला कोणी तारीख दिलीय का?"

"न्हाई," दौलतराव खाली बघत म्हणाले.

"तिचा बायोडाटा तुम्ही कोणाकोणाला दिला, त्याची यादी द्या. आणि मला एक सांगा." मॅडमनी पेन टेबलावर आडवं ठेवलं. "बायोडाटा आठ महिने जुना. त्यात थांबा वल्लभनगर आहे. शिफ्ट दर सोमवारी फिरते. मग याला या आठवड्याची शिफ्ट आणि नवीन थांबा कळतो कसा?"

स्वप्नालीने माहीत नाही अशी मान हलवली. दौलतरावांनीही हलवली. खडा पुन्हा दाताखाली आला.

घरी आल्यावर त्यांनी माळ्यावरून जुनं स्टॉक रजिस्टर काढलं. कंपनीत एकदा सदोष नट गाड्यांत गेले होते, तेव्हा दौलतरावांनी चिठ्ठ्यांवरून माग काढत काढत एकशे चाळीस नट परत बोलावले होते. वर्तमानपत्रात नाव आलं नाही, पण कँटीनमध्ये शिरा झाला. तोच उपाय इथे लागू करायचा त्यांनी ठरवलं. माल परत बोलवायचा.

पहिलं पाऊल म्हणून त्यांनी तिन्ही ग्रुपवर निवेदन टाकलं. 'कु. स्वप्नाली यांचा बायोडाटा कृपया कोणीही पुढे पाठवू नये, असेल तर पुसावा. आपला, माकणीकर काका.' आणि कोणती स्वप्नाली याबद्दल कुणाचा घोटाळा होऊ नये म्हणून लक्ष्मणरावांकडून बायोडाटा पुन्हा मागवून, फोटोसकट, खाली जोडला.

चार मिनिटांत कुसुमताई स्वयंपाकघरातून फोन हातात घेऊन बाहेर आल्या.

"अहो, पाठवू नका म्हणून सांगायला तुमीच पाठवलात व्हय?"

"ओळख पटायला नको?"

"पटली की! उमरग्याच्या मावशीनं मला विचारलंय, पोरगी चांगली दिसायली, अजून हाय का म्हणून!"

या वेळी मुदत शिल्लक होती. दौलतरावांनी तो सगळ्यांसाठी पुसला. पण तोवर एकसष्ट जणांनी पाहिला होता आणि सात जणांनी चौकशी केली होती. पुढचे दोन दिवस ते एकेकाला फोन करत राहिले. प्रत्येक फोन असा:

"तो बायोडाटा पुसा."

"का हो काका, काय भानगड आहे का मुलीची?"

"भानगड काय नाय. चांगली पोर हाय."

"मग राहू द्या की, आमच्या भाच्याला दाखवतो."

शनिवारी संध्याकाळी रजिस्टरात एकशे बारा नावं झाली होती. पुसला असं म्हणणारे एकोणीस. खरंच पुसला असेल असे, कुसुमताईंच्या मते, चार.

त्या संध्याकाळी बाकावर लक्ष्मणराव आले नाहीत. दौलतराव एकटेच बसले. जगाला नावं ठेवायला त्यांना काही सुचेना.

*

रविवारी सकाळी पाचव्या रकान्याने त्यांना गाठलं.

रजिस्टरात त्यांनी सवयीने पाच रकाने आखले होते. 'कोणाला दिला' भरत होता. 'कोणाच्या परवानगीने' हा पहिल्या पानापासून मोकळा होता. त्या मोकळ्या पट्टीकडे बघता बघता त्यांना प्राजक्ता मॅडमचा प्रश्न आठवला. या आठवड्याची शिफ्ट कळते कशी? त्यांनी फोनमधल्या शोधायच्या जागेत एक शब्द लिहिला. शिफ्ट.

शंभरएक संभाषणं वर आली. त्यात एक होतं 'सुजित, वरपक्ष, मोशी' या नावाचं. हे नाव त्यांनीच दिलेलं. दिवसाला चाळीस वरपक्ष त्यांच्याशी बोलत, त्यातला हा एक.

'नमस्कार काका, आई-बाबांना मुलगी लांबून बघायची आहे. या आठवड्यात स्वप्नालीची शिफ्ट कोणती?'

आणि खाली त्यांचं स्वतःचं उत्तर. 'पहिली. शुभेच्छा.' पुढे हात जोडलेले आणि गुलाबाचं फूल.

पुढच्या सोमवारी पुन्हा. 'काका, आईची तब्येत बरी नव्हती. या आठवड्यात?' 'दुसरी.' गुलाबाचं फूल. त्याच्या पुढच्या सोमवारी पुन्हा. सात सोमवार. कुणी व्रत करावं तसे. आणि मधल्या एका बुधवारी: 'काका, मुलगी थांब्यावर दिसली नाही.' 'आता कासारवाडीहून बसते. लक्ष्मणराव म्हणाले. कळावे.'

दौलतरावांनी चष्मा काढला, पुसला, घातला. अक्षरं तीच होती.

दर आठवड्याला बाकावर लक्ष्मणराव सहज म्हणायचे, या आठवड्यात पोरीची दुसरी आहे, घरात आवाज नाही. दर आठवड्याला दौलतराव ते ऐकायचे, मनाच्या स्टोअरमध्ये ठेवायचे आणि मागणी आली की द्यायचे. ना चिठ्ठी, ना सही. उलट त्यांना बरं वाटायचं, वरपक्ष रस घेतोय म्हणून. बायोडाटा ग्रुपमध्ये कुठे कुठे फिरला याचा हिशेब ते तीन दिवस दोन हजार तीनशे लोकांत शोधत होते. हा माणूस ग्रुपमध्ये नव्हताच, बायोडाटा त्याला कुणीतरी पुढे पाठवला असणार. तो थेट खिडकीवर आला होता आणि खिडकी उघडी होती.

त्यांचा अंगठा त्या संभाषणावर गेला. दाबून धरला. संपूर्ण संभाषण पुसायचं का, असं फोनने नम्रपणे विचारलं. आता मात्र पुसणं अगदी सोपं होतं, आणि कुणाला पत्ताही लागला नसता.

कुसुमताई मागे उभ्या होत्या. कधी आल्या होत्या कोण जाणे. त्यांनी सगळं वाचलं होतं.

"चौऱ्याऐंशी लग्नं जमवली मी," दौलतराव म्हणाले. "उद्या लोक काय म्हणतील? काकांनी पोरगी दाखवून दिली म्हणतील."

"दिलीच की," कुसुमताई म्हणाल्या. "उठा. कपडे करा."

*

दोघं ठाण्यात गेले आणि स्वप्नालीला त्यांनी तिथेच बोलावलं. फोनवर सांगायची हिंमत झाली नाही, आणि फोनवर काही सांगावं असं आता त्यांना वाटतही नव्हतं. ती आली तेव्हा तिच्या खांद्यावर कंपनीची बॅग होती. रविवार तिच्या कंपनीचा कामाचा दिवस, इथूनच तिला दुसऱ्या शिफ्टला जायचं होतं.

दौलतरावांनी फोन तिच्या हातात दिला. तिने उभ्या उभ्या वाचलं. कासारवाडीच्या ओळीवर ती बराच वेळ थांबली.

"त्या दिवशी मी बसमध्ये चढले नाही," ती म्हणाली. "रिक्षा केली, मोशीपर्यंत मागे बघत होते. मला वाटलं, हा माझ्या फोनमध्ये शिरलाय. मी फोन बदलला, काका. नंबर बदलला. आईशीसुद्धा नीट बोलत नव्हते, कोणी ऐकत असेल म्हणून. आणि तुम्ही गुलाबाचं फूल पाठवत होतात."

दौलतरावांना वाटलं, तिने ओरडावं. ती ओरडली नाही. तिने फोन प्राजक्ता मॅडमच्या टेबलावर ठेवला.

"मॅडम, स्क्रीनशॉट नको. फोनच ठेवून घ्या."

मॅडमनी सगळं वाचलं, सुजितचा नंबर लिहून घेतला. नाव खरं असेलच असं नाही, त्या म्हणाल्या, पण नंबरावरून माग निघेल, आणि आता तक्रारीला पाय आले. मग त्यांनी दौलतरावांपुढे कोरा कागद सरकवला. "जबाब लिहा. तुमच्या शब्दांत. जे झालं तसं."

दौलतरावांनी आयुष्यात एकच प्रकारचं लिखाण केलं होतं. त्यांनी कागद आडवा केला, पट्टी मागितली आणि पाच रकाने आखले.

माल: कु. स्वप्नाली हिची शिफ्ट व बसचा थांबा. नग: आठ वेळा, तारखा खाली दिल्या आहेत. कोणी दिला: दौलतराव माकणीकर. कोणाला दिला: माहीत नाही, सुजित म्हणून नाव सांगतो.

पाचव्या रकान्यापाशी पेन थांबलं. चिठ्ठीवरचा मोकळा रकाना त्यांना कधी सहन झाला नव्हता. त्यांनी लिहिलं, 'कोणाच्याही नाही.' आणि खाली सही केली.

स्वप्नालीने कागद वाचला, घडी न घालता मॅडमना दिला आणि बॅग उचलली. दौलतराव तिच्यामागून पायऱ्या उतरले. बाहेर ऊन चढलं होतं. रस्त्यावरून एका कंपनीची बस गेली, खिडकीत टेकलेली डोकी.

"ग्रुप मी बंद करतो," ते म्हणाले.

"ते तुम्ही बघा. आधी त्या बाकीच्या मुलींना फोन करा. शिफ्ट लिहिलेल्या अजून किती आहेत?"

दौलतराव हिशेब करू लागले. दोनशेच्या आसपास.

"चल, तुला थांब्यापर्यंत सोडतो."

"नको, काका." तिने ते रागाने म्हटलं नाही, म्हणून जास्त लागलं. "तुम्ही काकूंना घेऊन घरी जा."

ती चालू लागली. तीस वर्षांची सवय, सात सोमवारांची सवय, दौलतरावांच्या जिभेवर आपोआप प्रश्न आला, कोणत्या थांब्यावरून बसणार गं आता? ओठ उघडलेही होते. त्यांनी ते मिटले. ती कोपऱ्यावर डावीकडे वळते की उजवीकडे हे दिसू नये म्हणून त्यांनी तोंड फिरवलं आणि ठाण्याच्या भिंतीवरची सूचना वाचत उभे राहिले. ती त्यांनी तीनदा वाचली. काय लिहिलं होतं, ते घरी जाऊन त्यांना सांगता आलं नाही.